गावरहाटीच्या बैठकीत परमुलखातल्या कामगारांचा ठराव: देवाच्या नावाने मांडू की कायद्याच्या?

कातळसडा
मंडळी, सल्ला हवा आहे. थोडं लांबेल.

आमचं गाव राजापूर-देवगड पट्ट्यातलं, नाव देत नाही. सगळा व्यवहार हापूसवर. दिवाळी झाली की नेपाळी गडी येतात, बागेतल्या खोपटीत राहतात. मोहोर आल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत राखण, फवारणी, काढणी सगळं त्यांच्यावर. गेल्या हंगामात त्यातल्या एका पोराला रात्री फुरसं चावलं आणि तो गेला. कुणाचं काय चुकलं यात मला शिरायचं नाही, पुढचं सांगतो. आमच्याकडे स्मशानं वाडीवार आहेत. याला कुठल्या वाडीत न्यायचं यावर दुपारपर्यंत खल चालला. प्रत्येक वाडीचं म्हणणं एकच: आमची हरकत नाही, पण आधी दुसऱ्यांना विचारा. बागवाल्याच्या वहीत नाव 'बहादूर' आणि पत्ता 'नेपाळ'. घरी कळवायचं कुणाला? शेवटी दुसऱ्या बागेतल्या गड्यांनीच त्याच्या भावाचा नंबर शोधला आणि खाडीकडेला अग्नी दिला.

शिमग्याआधी गावरहाटीची, म्हणजे देवस्थानाचा कारभार बघणाऱ्या मानकऱ्यांची, बैठक आहे. दरवर्षी गाऱ्हाण्यात आम्ही देवाला सांगतो की मुंबईला, आखातात, जहाजावर गेलेल्या लेकरांची पाठराखण कर. सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात. माझं म्हणणं असं की हे ज्या देवाकडे मागायचं, त्याच्याच हद्दीत पोट भरायला आलेल्या परक्याचं आपण काही लागतो. तेव्हा ठराव असा मांडावा म्हणतो: प्रत्येक बाहेरच्या गड्याचं खरं नाव, गाव आणि घरचा फोन गावाच्या वहीत असावा, त्याची ओळखपत्रं मालकाने ठेवून घेऊ नयेत, हिशेब दर महिन्याला लिहून द्यावा, आणि मेला तर स्मशान कुठलं हा प्रश्न पुन्हा निघू नये.

हे देवाचं नाव घेऊन मांडू की कायद्याचं? आणि सरकारकडे काही मागायचं झालं तर नेमकं काय मागू?

मालवणी_खाजा
आमच्या बागेत कितीतरी वर्सां एकच नेपाळी येता. माजी आवस तेका झील म्हणता. सातबारो मात्र तेच्या नावार करूचो नाय, ह्यां तिणां आधीच सांगान ठेवल्यान हा.

बाकी ठराव बरो आसा. पण आमच्या गावात दोन भावक्यांचो पालखीचो मान अजून कोर्टात आसा, तेच्यात तू नेपाळ घुसवतंस म्हणजे कमाल आसा तुजी.

नास्तिक_नारळ
देव कशाला मध्ये? राज्यघटनेतलं कलम 14 आणि 21 वाचा. तिथे 'नागरिक' म्हटलेलं नाही, 'व्यक्ती' म्हटलंय. समानता आणि जीविताचा हक्क बागेतल्या नेपाळ्यालाही आहे. ठरावाला तेवढा आधार पुरे. कौल लावायला गेलात तर गुरवाच्या पाठीमागे जो मानकरी उभा असेल त्याच्या मनासारखा कौल पडेल. आज परक्यांना घ्या म्हणून पडला, उद्या हाकला म्हणून पडेल. तेव्हा काय करणार?

खेडचा_मुसाफिर
नारळसाहेब, मुद्दा रास्त आहे. पण मी आखातात उमेदीची वर्षं काढली आहेत, तिथली गोष्ट ऐका.

पोचल्या दिवशी पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, कपाटात जायचा. कारण विचारलं तर 'पळून जाशील'. मालक सोडून कामाला गेलास की तो 'हुरूब'ची नोंद करायचा, की झालास तू फरारी. कायदा त्याच्या बाजूने, कोर्ट कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही, भाषा येत नाही. अशा वेळी एकच ठिकाण होतं जिथे कफील आणि मी एका रांगेत उभे राहायचो. आमच्या कफीलच्या वडिलांनी एका जुम्म्यानंतर त्याला चारचौघांत सुनावलं की पैगंबर स्वतः मक्का सोडून मदिनेला गेले, तिथल्या लोकांनी मक्केहून आलेल्या एकेका मुहाजिराला भाऊ मानून घरात घेतलं, आणि तू पाहुण्याचा कागद कुलुपात ठेवतोस? पासपोर्ट परत मिळाला. कलम 21 सांगून मिळाला नसता, एवढं नक्की.

जकात कुणाला द्यायची याच्या आठ वर्गांत वाटसरूचा एक वर्ग आहे. म्हणजे घरापासून तुटलेल्या माणसाचा तो हक्क आहे, देणाऱ्याचा उपकार नाही. पण नुसती श्रद्धा पुरत नाही हेही सांगतो. मार्च 2021 मध्ये सौदीने नियम सैल केले, मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली. त्यातून वगळलं कुणाला? घरकामगार, घरचा ड्रायव्हर, राखणदार, माळी, मेंढपाळ. बघा, कातळसडाभाऊ, तुमच्या बागेतला माणूस तिथेही वगळलेल्यांतच आहे.

ॲड_खाडीपलीकडची
कातळसडा, कायद्याचं चित्र थोडक्यात देते, कारण इथे बऱ्याच जणांचा समज चुकीचा असतो.

नेपाळी माणूस बेकायदेशीर नसतो. 1950 च्या भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करारातलं सातवं कलम दोन्ही देशांच्या लोकांना एकमेकांकडे राहायची, काम-धंदा करायची, फिरायची मुभा देतं. व्हिसा लागत नाही. म्हणजे दार उघडं आहे. दाराच्या आत मात्र त्याच्यासाठी काही बांधलेलं नाही. स्थलांतरित मजुरांसाठीचा 1979 चा कायदा 'आंतरराज्य' होता, आणि नेपाळ हे भारताचं राज्य नाही. शिवाय तो पाच किंवा जास्त मजुरांच्या जागेला लागायचा. बागेत दोघे-तिघे असतात. तो कायदा पुढे 2020 च्या कामगार संहितेत मिसळला, तिथे आकडा दहावर गेला. ई-श्रम नोंदणी भारतीय कामगारांसाठी. एका बाजूने सगळ्यात मोकळा परदेशी, दुसऱ्या बाजूने कुठल्याच वहीत नसलेला मजूर.

जे आहे ते सांगते. 1923 चा कर्मचारी भरपाईचा कायदा, जो आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला आहे, नागरिकत्व विचारत नाही. झाडावरून पडला, यंत्रात हात गेला, तर दावा करता येतो, फक्त तो कामावर होता याचा कागद हवा. म्हणून तुमची वही आणि मासिक हिशेब हे मला ठरावातले सगळ्यात वजनदार भाग वाटतात. उचलीपोटी माणूस किंवा त्याचे कागद अडकवून ठेवणं मात्र 1976 च्या वेठबिगार कायद्याच्या तोंडाशी नेऊन सोडतं, हे बागवाल्यांना आणि बोटवाल्यांना स्पष्ट सांगा.

नाखवा_हर्णै
बोटवाल्यांचं नाव निघालं म्हणून लिहितो. नाहीतर इथे आंबेवाल्यांचंच राज्य.

ताई, उचलीचं बोललात. हंगामाच्या तोंडावर खलाशाला उचल दिल्याशिवाय तो गावाहून निघतच नाही. तांडेलाची (बोट चालवणाऱ्या म्होरक्याची) वेगळी, खलाशाची वेगळी. चाळीस-पन्नास हजार हातात घेऊन पोरगा दुसऱ्या बंदरात दुसऱ्या नावाने कामाला लागतो, मी बोट किनाऱ्याला बांधून बसतो. माझं नुकसान कुठल्या कलमात बसतं? देवाने मला पण पोटाला दिलंय.

दुसरं, हा समुद्र आहे. फेब्रुवारी 1993 ला शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली ते विसरलात का? 2008 ला मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी वापरलेली 'कुबेर' ही मासेमारीची बोट होती, आणि तिच्या तांडेलाला मारून टाकला होता. त्यानंतर आम्हाला कार्डं आली, तपासणी आली. खलाशी कोण, कुठचा, हे पोलिसाला कळलंच पाहिजे. चिरेखाणीवर बांगलादेशी पकडल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यातल्या. 'सगळे देवाची लेकरं' म्हणून सोडून द्यायचं असेल तर आमच्या बोटी समुद्रात नेऊन बुडवा.

शिमग्याचं_सोंग
नाखवा, बोट बुडवायच्या आधी पापलेट काढून घ्या.

खेडचा_मुसाफिर
नाखवा, तुमचा मुद्दा खोटा नाही. पण 'पळून जाईल म्हणून कागद ठेवतो' हे वाक्य मी अरबीत ऐकलेलं आहे. तेव्हा तुमच्यासारखाच भला माणूस बोलत होता.

नाखवा_हर्णै
तुम्हाला त्याने उचल दिली होती का?

खेडचा_मुसाफिर
व्हिसाचे पैसे मीच एजंटला भरले होते, घरचे दागिने मोडून. म्हणजे उलटी उचल! म्हणूनच म्हणतो, दलाल मधून काढा. उचल द्यायचीच तर कागदावर द्या, दर महिन्याला किती फिटली ते लिहा. फिटल्याचं दिसत असलं की माणूस थांबतो. किती बाकी आहे ते कधीच कळत नाही म्हणून पळतो.

अलिबाग_चौल
विषयाला धरून आमच्याकडची एक जुनी गोष्ट. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायल लोकांचं स्मारक आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज तिथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले, वाचलेल्यांनी आपले बुडालेले तिथेच पुरले आणि आसपासच्या गावांत वस्ती केली. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. त्यांच्या देवाचं नावही कुणाला माहीत नव्हतं, तरी कुणी शनिवारी घाणा चालव म्हटलं नाही. निदान तशी आठवण त्यांच्यात राहिलेली नाही.

आता पुढचा भाग. 1948 नंतर यातले हजारो इस्रायलला गेले, आपल्याच धर्माच्या देशात. तिथे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका घेतली, वंशावळ तपासा म्हणून. लोक रस्त्यावर आले, आणि 1964 मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केल्यावर प्रकरण निवळलं. म्हणून नास्तिक_नारळांशी मी अर्धा सहमत आहे. स्वधर्मीयांनी कागद मागितले, परधर्मीयांनी मागितले नाहीत. धर्माचं नाव दोन्हीकडे होतं.

न्यूजर्सीतला_घावन
मी सावंतवाडीचा, इकडे बरीच वर्षं. इथला हा वाद रोजचा आहे म्हणून लिहितो.

आधी आमचं रडगाणं: कुठल्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातल्या ग्रीन कार्डांतली (अमेरिकेत कायम राहायच्या परवान्यांतली) साधारणपणे 7 टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. भारतीयांची रांग त्यामुळे एवढी लांब की इथे लहानपणी आणलेलं पोर 21 वर्षांचं झालं की आईवडिलांच्या अर्जातून गळतं. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. आम्ही तरी कागदवाले. फेब्रुवारी 2025 मध्ये अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात 104 भारतीय बेड्या घालून आणलेले आठवत असतील.

इथल्या कॅथलिक बिशपांची परिषद आणि काही इव्हँजेलिकल गट बरीच वर्षं जे मागतायत ते नाखवांनी ऐकण्यासारखं आहे. 'सीमा उघड्या टाका' असं ते म्हणत नाहीत. देशाला सीमा राखायचा हक्क आहे हे मान्य करून ते म्हणतात: कुटुंब तोडू नका, वर्षानुवर्षं राबलेल्याला दंड घ्या, तपासणी करा, पण रीतसर होण्याची वाट ठेवा. 1986 मध्ये रेगनच्या सहीने तसं झालं होतं, सुमारे 27 लाख लोक कायदेशीर झाले. त्यानंतर तसा मोठा कायदा झालाच नाही. 2011 पासून चर्च, शाळा, दवाखाने इथे इमिग्रेशनने शक्यतो कारवाई करायची नाही असा नियम होता, तो जानेवारी 2025 मध्ये काढला. आमच्या गल्लीतल्या स्पॅनिश चर्चची रविवारची गर्दी पातळ झालेली मी बघतो.

नास्तिक_नारळ
आणि तो नियम काढणाऱ्यांना मत देणारेही रविवारी चर्चमध्येच असतात, हे लिहायला विसरलात.

न्यूजर्सीतला_घावन
विसरलो नाही, तुमच्यासाठी ठेवलं होतं. पण त्यांच्याशी त्यांच्या भाषेत भांडणारा माणूस चर्चमध्येच बसलेला असतो, तुमच्या ग्रंथालयात नाही.

वेंगुर्ल्याची_मारिया
आम्ही पण इथे बाहेरचेच हां. आमच्यातल्या कितीतरी घरांचे पूर्वज गोव्यातून पोर्तुगीज अमलातून निघून सावंतवाडी-वेंगुर्ला-मालवणात आले. वेगळ्या धर्माच्या राजाच्या मुलखात चर्च बांधायला मिळालं. त्यामुळे नाताळात फादर सांगतात की बाळ येशूला घेऊन मारिया-जोसेफ मिसर देशात पळाले तेव्हा त्यांच्याकडे कुठलं कार्ड होतं, तर ते आम्हाला लांबचं वाटत नाही. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर रोमबाहेर पहिल्यांदा गेले ते लाम्पेडूसा बेटावर, समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांसाठी प्रार्थना करायला. आमच्या चर्चमध्ये त्याच्यावर प्रवचन झालं होतं. प्रवचनानंतर बाहेर येऊन सगळ्यांनी काजूच्या गड्यांची मजुरी किती वाढली यावर कुरकुर केली, तेही खरं.

कोण_तो_पाहुणा
एवढा धर्म आलाय तर 2019 चा नागरिकत्व दुरुस्ती कायदाही घ्या. तोही धर्माच्या आधारावर माणुसकीच आहे. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तिन्ही शेजारी देशांतले छळ झालेले अल्पसंख्य, 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेले. यात वाईट काय?

खेडचा_मुसाफिर
वाईट हे की यादीत एक धर्म नाही. आणि रोहिंग्या ज्या देशातून पळाले तो म्यानमार त्या तिघांत नाही. माणुसकीला यादी लावली की ती...

संपादक मंडळ
या विषयावर वेगळे तीन धागे उघडे आहेत, तिकडे जावं. इथले पुढचे काही प्रतिसाद उडवले आहेत. धागा आंबा, मासे आणि गाऱ्हाण्यावर ठेवावा ही विनंती.

शिमग्याचं_सोंग
ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पण इंग्रजांनी रत्नागिरीत तीस वर्षं कैदेत ठेवला होता, 1886 पासून मरेपर्यंत. त्याची कागदपत्रं इंग्रजांकडे चोख होती. परत जाता आलं नाही तो भाग वेगळा.

बाईंचा_वर्ग
मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. कुणीच मुलांचं बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्या शाळेचा पट टिकलाय तो नेपाळी आणि कर्नाटकातल्या मुलांमुळे. गावची मुलं मुंबईला किंवा इंग्रजी माध्यमात. जून-जुलैला ही मुलं नसतात, दिवाळीनंतर येतात, आंबा संपला की जातात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आहे आणि वयाचा दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. तरी कार्ड मागितलं जातं, कारण संगणकावर नोंद अडते. मग मूल वर्गात बसतं पण नोंदीत नसतं. त्यातली एक मुलगी दशावतारातली संकासुराची सोंगं माझ्यापेक्षा चांगली ओळखते.

सरकारकडे काय मागू असं कातळसडांनी विचारलंय. माझी मागणी: हंगामी मुलांसाठी एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा शिक्षणाचा कागद. आणि बागेच्या खोपटीत राहणाऱ्या बाईचं नाव अंगणवाडीत घ्या, ती गरोदर असली तर. वहीत फक्त पुरुष गड्याचं नाव लिहून थांबू नका.

ॲड_खाडीपलीकडची
बाई, हे ठरावात गेलंच पाहिजे. मी 'गडी' धरून चालले होते.

मालवणी_खाजा
एक इचारतंय. शिमग्यात पालखी घराघरात जाता, मग बागेतल्या खोपटीत कित्याक नको? त्या पोरांची होळी पण हयच जाता. नारळ मी देतंय.

नाखवा_हर्णै
पालखीचं चालेल. आमच्याकडे नारळी पुनवेला सोन्याचा नारळ दर्यात सोडायला खलाशी सगळ्यात पुढे असतात, मग तो यूपीचा असो की नेपाळचा. दर्या कुणाला जात विचारत नाही. पण वही गावाकडे आणि पोलिसाकडे दोन्हीकडे पाहिजे, यावर मी हटणार नाही.

नास्तिक_नारळ
पोलिसाकडे गेली की ती वही संरक्षणाची राहत नाही. गडी खरं नाव सांगणारच नाही.

ॲड_खाडीपलीकडची
मधला मार्ग आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची पद्धत रूढ आहेच, ती मालकाने आपली वेगळी पाळावी. गावाच्या वहीत मात्र घरचा फोन, उचल, मिळालेली मजुरी आणि आजारपण असावं आणि तिची एक प्रत गड्याच्या हातात असावी. नाखवा, यात तुमचाही फायदा आहे. उचल लिहिलेली असेल तर दुसऱ्या बंदरातला मालक फोन करून विचारू शकतो. मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात मृत्यूला 5 लाख मिळतात, तेही नोंदलेल्यालाच.

नाखवा_हर्णै
दुसऱ्या बंदरातला मालक मला फोन करेल? ताई, तुम्ही कोर्टात वकिली करता, बंदरात नाही. पण प्रत गड्याकडे असायला माझी हरकत नाही. आधारकार्ड मी ठेवून घेणार नाही, फोटो काढून ठेवीन. एवढ्यावर सही.

कातळसडा
सगळ्यांचे आभार. रात्री दोन मानकऱ्यांशी बोललो, त्यातले एक वयाने सगळ्यात मोठे. कायद्याचं सांगितलं तर म्हणाले, 'तहसीलदाराकडे जा, इथे कशाला आलास.' गाऱ्हाण्याचं सांगितलं तर गप्प बसले, मग म्हणाले की माझा मोठा भाऊ मुंबईच्या गिरणीत असताना गेला तेव्हा खोलीतल्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोरांनी त्याला खांदा दिला होता, आम्ही गावाहून पोचेपर्यंत सगळं झालं होतं. ते बैठकीत उभे राहून बोलणार आहेत. नास्तिक_नारळ, कौल लावायचा नाही हे तुमचं मान्य. देवासमोर शब्द द्यायचा आणि कागदावर सह्या घ्यायच्या, इतकंच. शब्द न पाळणाऱ्याला गाव विचारेल, कागद न पाळणाऱ्याला ॲडव्होकेट ताई विचारतील.

सरकारकडच्या अर्जात तीन गोष्टी घेतो: 'आंतरराज्य' मजुराच्या व्याख्येत नेपाळी हंगामी मजूर यावा, दोघा-तिघांच्या बागेलाही विमा लागू व्हावा आणि बाईंनी सांगितलेला मुलांचा कागद. आमदारांपर्यंत अर्ज पोचवायची जबाबदारी चाकरमानी मंडळाने घेतली आहे.

मसुदा उद्या टाकतो. नेपाळी भाषेतली प्रतही करायची आहे, लिपी देवनागरीच, त्यामुळे आपल्या ओळखीच्या छापखान्यात होईल. नीट नेपाळी लिहिणारं कुणी आहे का?

न्यूजर्सीतला_घावन
माझ्या ऑफिसात पोखऱ्याचा एक जण आहे, त्याच्याकडून तपासून देतो.

बाईंचा_वर्ग
वर्गातल्या मुलांनाही वाचायला देईन. तीच घरी वाचून दाखवतील, आईवडिलांत बऱ्याच जणांना वाचता येत नाही.

शिमग्याचं_सोंग
कातळसडा, अनुभवाचा सल्ला. स्मशानाचं कलम पहिलं घे. शेवटी ठेवलंस तर तिथे पोचेपर्यंत पालखीच्या मानावरून भांडण होऊन अर्धी मंडळी उठलेली असतात.

कातळसडा
घेतलं पहिलं.

मालवणी_खाजा
आणि चाय-भजी सह्या झाल्यार दी. आधी दिलंस तर कोण थांबाचो नाय.